पेटी की अंडं?

एका इंग्रजी साप्ताहिकातलं चित्रपट-परीक्षण मराठीत करण्यासाठी माझ्याकडे आलं होतं. शेवटच्या परिच्छेदात समीक्षकानं त्या ऐतिहासिक चित्रपटाला ‘क्युरेट्स एग’ म्हटलं होतं. क्युरेटचं अंडं. कोश उघडला तर अर्थ मिळाला: काही भाग चांगला, काही वाईट, अशी गोष्ट. मी ‘संमिश्र’ लिहून मोकळी झाले आणि शनिवार-रविवार साताऱ्याला मामाकडे गेले. मामानं आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. रविवारी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर टेबलावरच्या माझ्या कागदावर ‘संमिश्र’भोवती लाल गोल उमटला होता. पुढचं बोलणं नाश्ता होईपर्यंत चाललं. ते इथे देते आहे.

मी : मामा, माझा कागद वाचलास?

मामा : वाचला. तुझ्या अपरोक्ष वाचला, ते चुकलंच. पण बरं झालं वाचला. हे ‘संमिश्र’ कुठून आणलंस?

मी : कोशातून. ऑक्सफर्डचा आजचा कोश उघडून बघ. अंशतः चांगलं, अंशतः वाईट, हाच अर्थ दिलाय.

मामा : असेल दिलेला. पण ते अंडं कुणाचं, कुठल्या टेबलावरचं, ते पाहिलंस का?

मी : क्युरेटचं. संग्रहालयात असतो ना...

मामा : तो क्युरेटर! दोघांचं घराणं एकच, काळजी वाहणे या अर्थाच्या लॅटिन शब्दाचं. क्युरेटर वस्तूंची काळजी वाहतो, क्युरेट माणसांच्या आत्म्याची. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये गावच्या मुख्य धर्मगुरूच्या हाताखाली राबणारा हा कनिष्ठ पाद्री. पगार तुटपुंजा, आणि पुढे चांगली जागा मिळायची तर वरच्यांची मर्जी राखायला हवी. असा एक क्युरेट बिशपच्या घरी न्याहारीला बसलाय. लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकाचा ९ नोव्हेंबर १८९५ चा अंक, आणि चित्रकार जॉर्ज द्यू मोरिए. बिशपसाहेब म्हणतात, तुमच्या वाट्याला खराब अंडं आलेलं दिसतंय. आणि हा घाईघाईनं म्हणतो, छे छे, साहेब, याचे काही भाग तर उत्कृष्ट आहेत!

मी : ‘पंच’ म्हणजे ज्याच्या नावावरून आपल्याकडे ‘हिंदू पंच’ निघालं, ते?

मामा : तेच. लंडनला १८४१ मध्ये सुरू झालं. १८५४ मध्ये मुंबईत ‘पारसी पंच’ निघालं, पुढे ठाण्याहून ‘हिंदू पंच’. ते असो. चित्राचं शीर्षक काय होतं माहीत आहे? ‘खरी नम्रता’. शीर्षकात अंड्याचं नावसुद्धा नाही. द्यू मोरिएनं चित्र अंड्याचं काढलंच नव्हतं, भिडेचं काढलं होतं. अंडं पार नासलंय. ते बिशपला कळतंय, क्युरेटला कळतंय, वाचकाला कळतंय. पण साहेबांच्या टेबलावरचं अंडं वाईट कसं म्हणायचं? म्हणून त्यानं नासक्या अंड्यात चांगले भाग शोधून काढले.

मी : पण तो ‘काही भाग’ म्हणालाच ना? म्हणजे बाकीचे वाईट, हे त्यानंही कबूल केलं.

मामा : अगं, अंडं अर्धं नासतं कधी? विचार तुझ्या मामीला.

मामी : मला कशाला मध्ये ओढता? अंड्याची मला शंका आली की पाण्यात सोडते. तळाला आडवं बसलं तर ताजं. तरंगलं तर फोडायच्याही फंदात पडत नाही, सरळ बाहेर. फोडून बसलं की घरभर वास. त्यातला चांगला भाग कोण वेचणार?

मामा : ऐकलंस? आंब्याची पेटी असती तर गोष्ट वेगळी. डझनातले चार डागी निघाले, ते काढले, आठ खाल्ले. अशी पेटी संमिश्र. अंड्याला ती सोय नाही. द्यू मोरिएनं क्युरेटच्या पुढ्यात नेमकं अंडं ठेवलं ते उगाच नाही. फळांची टोपली ठेवली असती तर क्युरेटचं म्हणणं खरं ठरलं असतं आणि विनोद तिथंच संपला असता. तू ‘संमिश्र’ लिहिलंस, म्हणजे अंड्याची पेटी केलीस.

मी : एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, असंही आपणच म्हणतो. पण ते राहू दे. पेटी मी केली नाही, मामा. इंग्रजांनीच केली, आणि तीसुद्धा फार लवकर. १९०५ चा दाखला आहे. कपड्यांच्या फॅशनवरचं एक इंग्रजी मासिक सरत्या हंगामाबद्दल लिहितं, की धंद्यात बरेच चढउतार झाले, क्युरेटच्या अंड्यासारखे काही भाग उत्तम गेले. शिंप्याचा हंगाम म्हणजे कुठलं नासकं अंडं? काही आठवडे गिऱ्हाईक, काही आठवडे माश्या मारणं. सरळ सरळ पेटी. चित्र छापून दहाच वर्षं झाली होती. मूळ अर्थ इतका पवित्र होता, तर दहा वर्षंही का टिकला नाही?

मामा : चूक लवकर झाली म्हणून ती चूक उरत नाही का?

मी : शंभराहून जास्त वर्षं सगळेच ती करत असतील, तर नाही उरत. आपल्यात म्हण आहे, पाचामुखी परमेश्वर. भाषेत तर निवाडा करणारं दुसरं कुणी नसतंच. सॅम्युअल जॉन्सनचं उदाहरण तूच मला दिलं होतंस. कोशाचा आराखडा मांडताना, १७४७ मध्ये, इंग्रजी भाषा एका जागी पक्की करायची असं त्याच्या मनात होतं. १७५५ मध्ये कोश छापून झाला तेव्हा प्रस्तावनेत त्यानं मान्य केलं, की ते कुणाच्या हातचं काम नाही. आणि ज्याला तू मूळ म्हणतोस तेही अगदी मूळ नाही. १८९५ मध्येच, मे महिन्यात, ‘जूडी’ नावाच्या दुसऱ्या विनोदी साप्ताहिकात जवळजवळ असंच चित्र येऊन गेलं होतं. तोच बुजरा क्युरेट, तोच बिशप, तेच अंडं.

मामा : ते मला ठाऊक आहे. पण ‘जूडी’तसुद्धा विनोद भिडेचाच होता. उलट त्यानं माझीच बाजू बळकट होते. दोन चित्रकारांनी एकाच वर्षात एकच माणूस पाहिला, कारण तसा माणूस घरोघरी होता.

मी : बरं. मग द्यू मोरिएचंच घे. त्यानं १८९४ मध्ये ‘ट्रिल्बी’ कादंबरी लिहिली. ट्रिल्बी हे त्यातल्या मुलीचं नाव. १८९५ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर त्या कादंबरीवरचं नाटक आलं, त्यात एक टोपी होती, आणि लोक त्या टोपीलाच ट्रिल्बी म्हणायला लागले. आज दुकानात जाऊन कुणी ट्रिल्बी मागितली तर दुकानदार टोपी काढून देतो. तिथं जाऊन तू टोपीभोवती लाल गोल काढशील?

मामा : नाही काढणार. टोपीला ट्रिल्बी म्हटल्यानं कुणाची फसगत होत नाही. कादंबरीतली मुलगी कादंबरीत आहे, टोपी डोक्यावर आहे. त्याच कादंबरीतला स्वेंगाली घे. दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेणारा माणूस म्हणजे स्वेंगाली. शंभर वर्षं झाली, अर्थ जिथल्या तिथे. काही शब्द जागा सोडत नाहीत.

मी : आणि काही सोडतात, त्याला त्यांचा इलाज नसतो. संस्कृतात राग म्हणजे रंग, प्रेम, आसक्ती. अनुरागात तो अजून आहे. मराठीत राग म्हणजे संताप. हिंदीवाल्यांची शिक्षा म्हणजे शिक्षण, आपली शिक्षा म्हणजे छडी. तुझ्या पिढीच्या मास्तरांच्या हाताखाली दोन्ही एकच होत्या, ती गोष्ट वेगळी.

मामा : बोल बोल! पण हे बदल व्हायला शतकं गेली. तेवढ्या वेळात भाषेनं आपली घडी पुन्हा बसवली. कोशात खपतंय म्हणून काहीही चालवून घ्यायचं, हा आळस झाला. शब्दाचं मूळ माहीत असलेल्या माणसानं तरी तो मुळाला धरून वापरावा, एवढंच माझं म्हणणं.

मी : मुळाला धरून?

मामा : मुळाला धरून.

मी : मग तू माझा कागद माझ्या अपरोक्ष वाचलास, ते कसं काय?

मामा : का? तू अंघोळीला गेली होतीस.

मी : म्हणजे मी समोर नव्हते. ‘परोक्ष’ म्हणजे नजरेपलीकडे, पाठीमागे. ‘अपरोक्ष’ म्हणजे प्रत्यक्ष, समोर. शंकराचार्यांच्या नावावर ‘अपरोक्षानुभूति’ नावाचा ग्रंथ आहे. तो काय पाठीमागे येणाऱ्या अनुभवावर आहे? मुळाला धरून बोलायचं तर तू माझा कागद माझ्या परोक्ष वाचलास. सकाळी उठल्या उठल्या पहिल्याच वाक्यात तू शब्द उलटा वापरलास, आणि मला नीट कळलासही.

(मामी स्वयंपाकघरातून हसली. मामानं चष्मा काढला, पुसला, परत लावला.)

मामा : हे मला लागलं. जन्मभर असंच म्हणत आलो. माझी आई असंच म्हणायची.

मी : म्हणूनच ते मराठी आहे. मी तुला चुकीचा ठरवत नाहीये. ‘अपरोक्ष’ उलटा झाला तरी आपलं काही अडलं नाही. मग क्युरेटच्या अंड्यानं कूस बदलली तर इंग्रजांचं काय अडलं?

मामा : थांब. आता मला माझंच म्हणणं नीट सापडतंय. मी मुळाचं नाव घेतलं तिथंच चुकलो. मुळाचा मुद्दा सोड. प्रश्न असा विचार: शब्द सरकला तेव्हा त्याची जुनी जागा कुणी घेतली का? ‘अपरोक्ष’ पाठीमागे गेला, तरी ‘समोर’ होतं, ‘समक्ष’ होतं, ‘देखत’ होतं. घर उघडं पडलं नाही. आता या अंड्याचं बघ. चांगल्या-वाईटाच्या मिश्रणासाठी इंग्रजीत आधीच मिश्र होतं, संमिश्र होतं, बरंवाईट होतं. तिथे गर्दी होती. पण एखादी गोष्ट पूर्ण वाईट आहे, बोलणाऱ्याला ते कळतंय, आणि भिडेपायी तो तिच्यातले चांगले तुकडे वेचून दाखवतोय, या सगळ्या नाटकाला एकच नाव होतं. ते गर्दीत जाऊन बसलं, आणि इथली खुर्ची रिकामी.

मी : मला हे पटतं, अर्धं. पण ती खुर्ची लागते कुणाला? क्युरेट-बिशपची ती दुनिया गेली. बिशपच्या टेबलावर आज कोण थरथरतं?

मामा : तुझ्या ऑफिसात साहेबांचा कवितासंग्रह निघाला होता ना मागे? काय म्हणालात सगळे?

मी : ‘सर, मुखपृष्ठ फार सुंदर झालंय.’

मामा : आणि तू?

मी : मी कागदाचं कौतुक केलं.

मामा : हेच क्युरेटचं अंडं! साहेब बदलले, टेबल बदललं, अंडं तेच. लग्नाच्या पंगतीत वरण खारट झालं की पाहुणे पापडाची तारीफ करतात. नाटक पडलं की आपण नेपथ्याला दाद देतो. तोंडदेखलं, भिडेखातर, हे शब्द आहेत आपल्याकडे, पण त्यात ती न्याहारी नाही, तो घास गिळतानाचा चेहरा नाही.

मामी : भीड भिकेची बहीण. त्या पोरानं तोंडावर सांगितलं असतं तर दुसरं अंडं तरी मिळालं असतं.

मामा : पुढे सांगितलं की त्यानं! १९९२ मध्ये ‘पंच’ पहिल्यांदा बंद पडलं. शेवटच्या अंकात हेच चित्र पुन्हा छापलं. या खेपेला क्युरेट सणसणीत शिवी घालून म्हणतो, हे अंडं नासलंय.

मी : बघ! म्हणजे ‘पंच’नंच ती भीड संपली असं जाहीर केलं.

मामा : उलट. त्या शिवीचं हसू कुणाला येईल? ज्याला सत्त्याण्णव वर्षांपूर्वीची भीड आठवते त्यालाच. अंडं म्हणजे ‘संमिश्र’ एवढंच ज्याला माहीत, तो म्हणेल, हा पाद्री एवढा का चिडलाय?

मी : ठीक. गोष्ट माहीत असावी, हे मान्य. पण मी अनुवादक आहे, मामा. समीक्षकाच्या मनात जे होतं ते मला द्यायचंय. त्यानं आजच्या अर्थानं लिहिलं असेल तर १८९५ चा अर्थ त्याच्या तोंडात कोंबायचा मला काय अधिकार? तू म्हणतोस म्हणून मी ‘भिडेखातर चांगला म्हणावा असा’ लिहिलं आणि त्या बिचाऱ्याला नुसतं ‘बरावाईट’ म्हणायचं असलं तर? माझा अनुवाद शुद्ध होईल आणि खोटा होईल.

मामा : हे अगदी बरोबर. समीक्षकाला सुधारणं तुझं काम नाही. त्याला काय म्हणायचंय ते शोधणं आहे. शोधलंस का?

मी : म्हणजे?

मामा : कोशात त्या शब्दाचा अर्थ पाहिलास. त्या परीक्षणात पाहिलास का? त्याला चित्रपटातलं नेमकं काय चांगलं वाटलं? वाच.

(मी मूळ इंग्रजी कात्रण काढलं आणि त्यानं केलेलं कौतुक बोटांवर मोजत गेले.)

मी : घोडे चांगले आहेत, म्हणतो. फेट्यांचे रंग अस्सल आहेत. सुरुवातीला पडद्यावर येणारा नकाशा देखणा आहे.

मामा : पुढे?

मी : मध्यंतर योग्य वेळी आलं.

मामा : कथा?

मी : कथेबद्दल... काही नाही.

मामा : अभिनय? दिग्दर्शन? संवाद?

मी : नायकाच्या मिशीबद्दल एक वाक्य आहे.

मामा : चांगलं की वाईट?

मी : ‘शेवटपर्यंत जागेवर राहिली.’

मामी : अगं बाई! म्हणजे सिनेमा पार नासका आहे.

मामा : मला ते ठाऊक नव्हतं, हां. मी लाल गोल काढला तो माझ्या हट्टापायी. हे कात्रण मीही आत्ताच ऐकतोय. त्यानं चित्रपटाबद्दल चांगलं दुसरं काहीच लिहिलं नसेल, तर तो स्वतः क्युरेटची भूमिका वठवतोय. घोडे छान, फेटे छान, नकाशा छान. शेवटी ‘क्युरेट्स एग’ म्हणून त्यानं जाणत्या वाचकाला डोळा मारला.

मी : आणि मी त्या डोळ्यावर ‘संमिश्र’ची पट्टी बांधली.

मामा : पण हेही ऐक. त्यानं लिहिलं असतं, की पूर्वार्ध जोरदार, लढाया थरारक, उत्तरार्ध रेंगाळलेला, नायिका वाया गेलेली, आणि मग अंड्याचं नाव घेतलं असतं, तर तुझं ‘संमिश्र’ बरोबर आणि माझा लाल गोल चूक. मीही कात्रण न वाचता निकाल दिला होता. तू कोशाच्या भरवशावर राहिलीस, मी १८९५ च्या.

मी : म्हणजे दोन्ही अर्थ खरे?

मामा : दोन्ही चालू आहेत. खरा कोणता, ते त्या त्या पानावर ठरतं. मला नवा अर्थ आवडत नाही, आणि मी स्वतः तो कधी वापरणार नाही. पण दुसऱ्यानं वापरला तर यापुढे लाल गोल काढणार नाही.

मी : आणि मी निदान गोष्ट वाचल्याशिवाय वाक्प्रचाराला हात लावणार नाही.

नाश्ता संपला. दुपारी परतीच्या एसटीत मी ते वाक्य पुन्हा लिहायला घेतलं. ‘क्युरेटचं अंडं’ तसंच ठेवावं, तर मराठी वाचकाला तळटीप द्यावी लागली असती, आणि तळटिपेतला विनोद विनोद राहत नाही. ‘संमिश्र’ तर खोटंच ठरलं होतं. शेवटी अंडं काढून टाकलं आणि भीड तेवढी ठेवली. वाक्य असं झालं: ‘साहेबांच्या कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ जसं नेहमी सुंदर असतं, तसे या चित्रपटातले घोडे सुंदर आहेत.’ संपादकांनी ते तसंच छापलं.

इंग्रजी वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या मराठी माणसाला हे अंडं अधूनमधून भेटतंच. परीक्षणात, अग्रलेखात, क्रिकेटच्या डावाच्या वर्णनात. वाचताना भेटलं तर अर्थ कोशातून थेट उचलू नका. आधी आजूबाजूची वाक्यं वाचा. चांगलं म्हटलेलं जे काही आहे ते खरोखर मोलाचं असेल, तर लेखकाला पेटी म्हणायची आहे. कौतुक मुखपृष्ठाचं आणि पापडाचं असेल, तर ते अंडं आहे. आणि स्वतः लिहिताना चार डागी, आठ गोड एवढंच सांगायचं असेल, तर सरळ तसं लिहा. त्यासाठी शब्दांचा तुटवडा ना इंग्रजीत आहे, ना मराठीत. क्युरेटला त्या दिवसासाठी राखून ठेवा, जेव्हा समोरचं अंडं पार नासलेलं असेल आणि टेबल साहेबांचं असेल.